मैदानावरचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

आमचे मूळ गाव मराठवाड्यातले. घरातील वडीलधारी मंडळी निजामी राजवटीत वाढलेली आणि शिकलेली. मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मजल दरमजल करीत हैदराबादच्या काचीगुडा स्थानकात पोचत असे, आणि आमच्याकडील पुष्कळ तरुण पदवीसाठी, वकिलीसाठी त्याच गाडीने जात. सुट्टीत ही मंडळी एकत्र बसली की दोन विषय हमखास निघत. एक म्हणजे हैदराबादचा मुक्तिसंग्राम आणि दुसरा म्हणजे हैदराबाद पोलिसांचा फुटबॉल संघ. पहिल्या विषयावर आवाज चढत, दुसऱ्यावर चेहरे खुलत. त्या दुसऱ्या विषयात एक नाव वारंवार येई : रहीमसाहेब. लहानपणी मला वाटे, हे कोणी बडे पोलीस अधिकारी असावेत. पुढे कळले की ते मुळात शाळामास्तर होते आणि अखेरपर्यंत मनाने मास्तरच राहिले.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, अशी सूचना आली तेव्हा मला ह्या मास्तरांची आठवण झाली. रहीमसाहेब मराठी नव्हते. परंतु ज्या संस्थानात ते वाढले, त्यातील पाच जिल्हे मराठी होते. ज्या मैदानाने त्यांच्या संघाला देशभर नाव दिले, ते मुंबईचे कूपरेज होते. आणि ज्या खेळाडूच्या पायांनी त्यांची विद्या जगापुढे आणली, तो नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा, मुंबईत नावारूपाला आलेला. शिवाय भिलाईत राहून शेजारी तेलुगू, समोर बंगाली, मागे पंजाबी आणि सभोवार छत्तीसगढी अशा वस्तीत ज्यांनी संसार केला, त्या आपल्यासारख्यांना रहीमसाहेबांच्या कामाचे मोल चटकन उमजावे, असेही मला वाटले.

सय्यद अब्दुल रहीम ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. विद्यार्थिदशेतच ते फुटबॉल उत्तम खेळू लागले आणि विद्यापीठाच्या वर्तुळातील संघातून व पुढे शहरातील क्लबांतून त्यांनी नाव मिळवले. आजच्या अर्थाने धंदेवाईक खेळाडू तेव्हा आपल्याकडे नव्हताच. खेळावर पोट भरता येत नसे. पोटासाठी नोकरी आणि जिवासाठी खेळ, अशी विभागणी होती. रहीमसाहेबांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचीगुड्याच्या शाळेत आणि नंतर शहरातील अन्य शाळांत त्यांनी मुलांना शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळांतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. वर्ग सोडून ते मैदानावर आले खरे, परंतु फळा तेवढा मागे राहिला. शिकवणे सुटले नाही.

चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी मृत्यूपर्यंत सांभाळले. आपण सरकारी नोकर मंडळी जाणतो की सचिवपद म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब आणि रुसवेफुगवे. रहीमसाहेबांनी ह्या पदाचा उपयोग एका वेगळ्याच कामासाठी केला. शहरातील पोरांसाठी त्यांनी स्पर्धा भरवल्या, आणि त्या स्पर्धांचे नियमच धड्यासारखे बांधले. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास बंदी. चेंडू आला की तो लगेच सहकाऱ्याकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचे. पहिल्या नियमाने मुलांची नजर आपल्या पायांवरून उठून सोबत्यांकडे वळली, दुसऱ्याने कच्चा पाय पक्का झाला. ह्यात कोठेही आरडाओरडा किंवा शिक्षा नाही. नियमच असा करायचा की खेळता खेळता धडा आपोआप गिरवला जावा, ही खऱ्या शिक्षकाची युक्ती होय.

१९५० साली ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी ह्या संघाने दिल्लीच्या ड्युरँड स्पर्धेत कलकत्त्याच्या मोहन बागानसारख्या मातब्बर संघाला नमवून चषक जिंकला. मुंबईत तर इतिहासच घडला. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स चषकावर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे आपले नाव कोरले. रोव्हर्स स्पर्धा आज इतिहासजमा झाली आहे, परंतु त्या काळी कूपरेजवरचा रोव्हर्सचा अंतिम सामना म्हणजे मुंबईचा एक सणच असे. गिरणगावातून, गिरगावातून, वांद्र्याहून माणसे येत. कलकत्त्याचे नामांकित संघ एकीकडे आणि पोलिसांच्या साध्या नोकरीतील हैदराबादी मुले दुसरीकडे. उंचीने बेताची, अंगाने सडपातळ अशी ही मुले चेंडू जमिनीवर ठेवून, छोटे छोटे पास देत, प्रतिस्पर्ध्याला दमवून टाकीत. अझिझुद्दीन, नूर मोहम्मद ह्यांच्यासारखे खेळाडू ह्याच तालमीत तयार झाले आणि पुढे भारताकडून खेळले.

ह्या यशामुळे देशाच्या संघाची सूत्रे रहीमसाहेबांकडे आली. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले. शैलेन मन्ना ह्यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान ह्यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरवले आणि अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलाने इराणवर मात केली. नव्या प्रजासत्ताकाला फुटबॉलमध्ये सुवर्णपदक मिळाले. कोणाही माणसाला येथे आपले काम साधले असे वाटले असते.

परंतु पुढच्याच वर्षी नियतीने पाटी पुसली. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. थंड हवेत, ओल्या हिरवळीवर आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. आपल्याकडील स्थानिक सामने तेव्हा साठ-सत्तर मिनिटांत आटोपत. तेथे नव्वद मिनिटे धावायचे होते. आपला एकमेव गोल अहमद खानने केला. दिल्लीत डोक्यावर घेतलेला संघ वर्षभरात थट्टेचा विषय झाला.

माझ्या मते रहीमसाहेबांचे मोठेपण दिल्लीच्या विजयापेक्षा ह्या पराभवानंतर अधिक दिसते. नापास झालेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका चांगला मास्तर फेकून देत नाही. ती समोर ठेवून कोठे चुकले ते पाहतो. अनवाणी खेळण्याचे कौतुक पुष्कळांना होते. त्यात स्वाभिमानही मिसळलेला होता. १९११ साली मोहन बागानने गोऱ्या पलटणीला अनवाणी हरवले होते, ती आठवण लोकांच्या मनात जिवंत होती. तो स्वाभिमान बाजूला ठेवावा लागला. ह्या सामन्यानंतर राष्ट्रीय फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. पायाला चेंडूचा स्पर्श जाणवत नाही, अशी तक्रार करणाऱ्या खेळाडूंना बुटांची सवय लावणे, नव्वद मिनिटांचा दम त्यांच्यात भरणे आणि हे करताना त्यांचे मूळचे कसब जाऊ न देणे, हे काम पुढे आले.

त्याबरोबर त्यांनी जगाकडेही पाहिले. १९५३ साली हंगेरीने वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंडला सहा विरुद्ध तीन असे हरवले आणि फुटबॉलच्या जुन्या मांडणीला हादरा बसला. मधला आघाडीपटू मागे सरून खेळू लागला की त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू गोंधळतो, हे जगाला कळले. चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू ह्या मांडणीने ब्राझीलने १९५८ साली विश्वचषक जिंकला. ना दूरचित्रवाणी, ना परदेशी पुस्तकांचा सुकाळ, अशा त्या दिवसांत हैदराबादचा हा मास्तर खेळातील नव्या विचारांचा मागोवा घेत होता आणि ते आपल्या खेळाडूंच्या ताकदीला साजेसे करून घेत होता.

त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मिळाले. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. समर बॅनर्जी कर्णधार होता. भारताने तो सामना चार विरुद्ध दोन असा जिंकला आणि त्यातील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. उपान्त्य सामन्यात पुन्हा समोर आला तो युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या त्या संघाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही, आणि मध्यंतरानंतर पहिला गोल केला तो भारताने, नेव्हिलच्याच पायाने. मग मात्र युगोस्लाव्हियाने जोर केला आणि सामना चार विरुद्ध एक असा जिंकला. तिसऱ्या क्रमांकाचा सामना बल्गेरियाने तीन विरुद्ध शून्य असा घेतला. पदक हुकले. तरी त्या स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत आपल्या नेव्हिलचे नाव होते. दहा विरुद्ध एक ते चार विरुद्ध एक, आणि तेही पहिला गोल आपला. आकडे सोडवणाऱ्या माणसाला चार वर्षांच्या अभ्यासाचे उत्तर ह्यात दिसते.

रहीमसाहेबांची पारख कशी होती, त्याचे एक उदाहरण तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या वस्तीत अत्यंत गरिबीत वाढलेला हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. सरावासाठी हैदराबादला येण्यास त्याच्यापाशी पैसे नव्हते. सायकल भाड्याने घेण्यापुरते पैसे रहीमसाहेब त्याला देत, अशी हकीकत सांगतात. हाच बलराम मेलबर्नला, पुढे रोमला आणि जकार्ताला खेळला आणि भारताच्या सर्वश्रेष्ठ आघाडीपटूंत गणला गेला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे तगडे संघ होते. हंगेरीकडून एकाच गोलाच्या फरकाने हार झाली, फ्रान्सला एक-एक असे बरोबरीत रोखले, पेरूकडून मात्र पराभव झाला. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता. पुढे हकीम हवाई दलात अधिकारी झाले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय पंच म्हणूनही नाव मिळवले.

आता जकार्ता. १९६२ साली चौथ्या आशियाई खेळांसाठी संघ निघाला तेव्हा रहीमसाहेबांच्या शरीरात कर्करोग घर करून होता. सिगारेटचे व्यसन त्यांना फार होते. घरी राहून उपचार घ्यावेत, विश्रांती घ्यावी, असे कोणीही म्हटले असते. ते संघाबरोबर गेले.

तेथील वातावरण भारताला प्रतिकूल होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल व तैवान ह्यांना प्रवेश नाकारला होता. त्याला आशियाई क्रीडा महासंघातील भारताचे ज्येष्ठ प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी ह्यांनी हरकत घेतली, आणि त्याचा राग तेथील जनतेने साऱ्या भारतीयांवर काढला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. मैदानावर भारतीय खेळाडूंची हुर्यो होई. त्यातच पहिला सामना दक्षिण कोरियाने दोन विरुद्ध शून्य असा जिंकला. थायलंडविरुद्ध भारत चार-एक असा विजयी झाला, परंतु खंदा बचावपटू जर्नेलसिंग ह्याच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. जपानला दोन गोलांनी हरवून संघ उपान्त्य फेरीत पोचला.

येथे मास्तरांनी आपल्या विद्यार्थ्यांची जुनी प्रगतिपुस्तके आठवली. जखमी डोक्याने जर्नेलसिंगला बचावात खेळवणे धोक्याचे होते. परंतु हा पंजाबी गडी महाविद्यालयात असताना आघाडीला खेळत असे, हे रहीमसाहेबांच्या ध्यानात होते. त्यांनी त्याला थेट आघाडीला उभे केले आणि बचावाच्या मध्यभागी बंगालच्या अरुण घोषला आणले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपान्त्य सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकला; त्यात कर्णधार चुनी गोस्वामीचे दोन आणि जर्नेलचा एक गोल होता. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाची गाठ होती. उंच चेंडू अडवण्यासाठी आजारातून उठलेल्या धिप्पाड पीटर थंगराजला गोलात उभे केले.

४ सप्टेंबर १९६२. सेनायानच्या क्रीडागारात सुमारे लाखभर प्रेक्षक, आणि बहुतेक सारे भारताच्या विरोधात. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जीने पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलसिंगने दुसरा. शेवटच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला, परंतु तेवढाच. भारत दोन विरुद्ध एक असा जिंकला. त्या संघाची घडण पाहा : कर्णधार व प्रदीपकुमार बंगालचे, जर्नेल पंजाबचा, बलराम, युसूफ खान आणि थंगराज हैदराबाद-सिकंदराबादच्या मैदानांवर घडलेले, चंद्रशेखर केरळचा, फॉर्च्युनाटो फ्रँको मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा, रामबहादूर गुरखा. ह्यांची मातृभाषा एक नव्हती, देव एक नव्हता, जेवणखाणही एक नव्हते. मास्तरांनी त्यांना एकमेकांकडे बघून चेंडू द्यायला शिकवले होते, आणि तेवढी एक भाषा त्या नव्वद मिनिटांना पुरेशी झाली.

रहीमसाहेब परत आले ते अंथरुणाला खिळण्यासाठीच. ११ जून १९६३ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. माझ्या आजच्या वयाच्या आसपासचे हे वय आहे, आणि निवृत्तीचे हिशेब मांडताना हा आकडा माझ्या डोळ्यांपुढे येऊन जातो. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला. तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. पुढची कित्येक दशके खेळाच्या जाणकारांखेरीज त्यांचे नाव कोणी फारसे घेत नव्हते. २०२४ साली त्यांच्या जीवनावर मैदान हा हिंदी चित्रपट आला तेव्हा कोठे नव्या पिढीला ते ठाऊक झाले.

मात्र ह्या चरित्राला एक बोचरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. जकार्तानंतर आजतागायत आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला मिळालेले कांस्य हे आपले शेवटचे पदक. ह्याला कारणे अनेक आहेत. अन्य आशियाई देश झपाट्याने पुढे गेले, आपला कारभार ढिला राहिला. परंतु एक कारण असेही आहे की जी विद्या होती, ती बहुतांशी एका माणसाच्या डोक्यात होती. ती लिहून ठेवण्याची, शाळाशाळांतून पोचवण्याची, तिची परंपरा बांधण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. गुरू गेला आणि पाठशाळाही ओसरली. शिष्यांनी आपापल्या परीने दिवा तेवता ठेवला. प्रदीपकुमार बॅनर्जी पुढे स्वतः नामांकित प्रशिक्षक झाले. थंगराजांनीही प्रशिक्षकाचे काम केले. त्यांचे अखेरचे दिवस आपल्या भिलाईसारख्याच एका पोलाद नगरीत, बोकारोला गेले आणि तेथेच २००८ साली ते वारले. परंतु सुटे दिवे म्हणजे दीपमाळ नव्हे.

रहीमसाहेबांचा संघ मेलबर्नला खेळत होता तेव्हा भिलाईत कारखान्याची उभारणी चालू होती. फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यांत आपलीही माणसे होती. त्यांनी पुढे मंडळ काढले, गणपती बसवला, मुलांना अ आ इ ई शिकवले, नाटके बसवली. आज आपण पन्नास वर्षांचा हिशेब मांडतो तेव्हा किती कार्यक्रम झाले, किती बक्षिसे मिळाली, ह्याबरोबर आणखी एक रकाना मांडावा असे मला वाटते. जुन्या मंडळींना जे येत होते, त्यातले किती नव्या मुलांच्या हाती गेले? कीर्तनाची चाल, नाटकाची तालीम, पंगतीचा बेत, जमाखर्चाची वही, जे काही असेल ते.

जुनवानीकडे संध्याकाळी फिरायला गेलो की मोकळ्या जागेत पोरे चेंडू खेळताना दिसतात. काहींच्या पायांत बूट असतात, काही अनवाणीच. एखादा धीट मुलगा चेंडू सोडायलाच तयार नसतो आणि बाकीचे त्याच्या नावाने ओरडत असतात. अशा वेळी मनात येते, येथे आत्ता तो काचीगुड्याचा मास्तर असता तर रागावला नसता. त्याने शिट्टी वाजवून खेळ थांबवला असता आणि नियम तेवढा बदलला असता : चेंडू आला की सोबत्याला द्यायचा. मग कडेला उभे राहून त्याने शांतपणे बघितले असते.